पाण्याच्या पक्षाचे प्रभुदेसाई

‘आपल्या वसाहतीतील श्री. प्रभुदेसाई व श्री. गुप्ते यांच्यामधील “डोंगर पाण्याचा की आगीचा” हा सुप्रसिद्ध वाद अखेर गणेशोत्सवात जाहीररीत्या निकालात निघाला. श्री. प्रभुदेसाई यांनी आपला पराभव मान्य केला. तो पराभव त्यांच्या मनाला इतका लागला की त्यानंतर ते कोणात फारसे मिसळले नाहीत.’

हा मजकूर आमच्या वसाहतीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत छापून आला आहे. लेखक आमचे चिटणीस श्री. करंदीकर. करंदीकर सज्जन आहेत, त्यांचे अक्षर सुवाच्य आहे, आणि उत्सवाचा मांडव वेळेवर उभा करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. परंतु सज्जनपणा हा पुरावा नव्हे. वरील मजकुरातले पहिले वाक्य खरे आहे. दुसरे खरे असून दिशाभूल करणारे आहे. तिसरे धादांत खोटे आहे.

यावर कोणी विचारील, ‘गुप्ते, यात तर तुमचाच विजय छापला आहे, मग तुम्हाला काय बोचते?’ माझे उत्तर असे की, उभ्या आयुष्यात मी पुष्कळ वाद जिंकलो आहे, त्यामुळे न जिंकलेला वाद मला लांबूनही ओळखता येतो.

ज्यांनी प्रभुदेसाईंना पाहिले नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडी माहिती. आमची वसाहत अंधेरीच्या पूर्वेला, मरोळच्या अंगाला आहे. त्या वेळी मागे काळ्या दगडाचा डोंगर होता आणि त्याला एका बाजूने कुरतडत नेणारी खडीची खाण होती. तळमजल्यावरचे पहिले घर प्रभुदेसाईंचे. त्यांच्याकडे गेले की चपला बाहेर काढाव्या लागत, यात नवल नाही. नवल पुढे होते. चपला काढल्यावर चवड्यांवर चालावे लागे.

“हळू,” ते आतून म्हणत, “जमीन बसते आहे.”

भिंतीला लागून एक लांबच लांब फळी होती आणि तिच्यावर काचेच्या बाटल्या नि बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. सरबताच्या, औषधांच्या, लोणच्याच्या. प्रत्येकीत गढूळ पाणी. कशात वेसाव्याच्या खाडीचे, कशात पावसाळ्यातल्या मरोळच्या नाल्याचे, एकीत खास मार्व्याहून तरीने पलीकडे जाऊन आणलेले मनोरीचे. गाळ तळाशी कसा थराथराने बसतो हे प्रभुदेसाई भिंग लावून पाहत. बंदरात त्यांची सारी नोकरी गाळ मोजण्यात गेली होती. गोदीच्या तोंडाशी किती गाळ साचला, किती उपसला, पुन्हा किती साचला. निवृत्त होऊन घरी आल्यावर माणसे देव देव करतात; यांनी गाळ घरी आणला.

पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत त्यांना भूगर्भशास्त्राचे एक जीर्ण इंग्रजी पुस्तक मिळाले होते. त्यात दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन अध्यापकाचे मत होते. खाणकाम शिकवणारा तो गृहस्थ म्हणे, आरंभी सगळी पृथ्वी एका महासागराखाली होती आणि आपण पाहतो ते सारे खडक, अगदी काळा पाषाणसुद्धा, त्या पाण्यातून थराथराने खाली बसले. हे वाचून प्रभुदेसाईंना आपल्या नोकरीचा अर्थ कळला. त्या दिवसापासून तो जर्मन अध्यापक ‘आमचे मास्तर’ झाला. हयात असलेल्या साहेबाबद्दल बोलावे तसे ते त्याच्याबद्दल बोलत.

दुपारी खाणीत सुरुंग उडे. आधी शिट्टी, मग लाल निशाण, मग धडाका. शिट्टी झाली की प्रभुदेसाई धावत जाऊन ती फळी दोन्ही हातांनी कवटाळून उभे राहत, कारण हादऱ्याने बसलेला गाळ उठे. एकदा नेमक्या त्याच वेळी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दारात आला.

“आत या,” प्रभुदेसाई फळीला मिठी मारलेल्या अवस्थेत म्हणाले, “माझे हात अडकलेत. सही तुम्हीच करून टाका.”

“काका, मी सही केली तर माझी नोकरी जाईल ना!”

“मग टेका जरा. सुरुंग होऊ दे, गाळ बसू दे, मग सही.”

पोस्टमन टेकला. सुरुंगानंतर गाळ बसेपर्यंत त्याला सगळा महासागर ऐकावा लागला. त्यानंतर तो आमच्या इमारतीत दुपार टाळून येऊ लागला.

‘बसू द्या’ हा त्यांचा सर्व दुखण्यांवरचा उपाय होता. वरच्या मजल्यावर नवराबायकोचे भांडण झाले, बसू द्या. सोसायटीची सभा उधळली, बसू द्या. “आत्ता ढवळलेलं आहे हो. ढवळलेल्यात काही दिसत नाही.” शेजारच्या सावंतवहिनींनी मात्र त्यांना एकदा चांगलेच पकडले. नळाला दोन दिवस पाणी नव्हते.

“भावोजी,” कडेवर रिकामी कळशी घेऊन त्या म्हणाल्या, “तुमचा तो समुद्र आमच्या पिंपात बसवा ना जरा!”

आता माझा प्रवेश. त्या बाटल्यांमुळे डास होतात अशी तक्रार आली आणि समितीने मला त्यांच्याकडे धाडले. मी एका सॉलिसिटरच्या कचेरीत हयात घालवलेली. प्रतिपक्षाला घरी जाऊन नमवणे माझ्या हातचा मळ होता. डासांचा विषय मी चुटकीसरशी संपवला. त्यांनी निमूटपणे प्रत्येक बाटलीला फडक्याचे टोपण घालण्याचे कबूल केले. मग निघता निघता मी सहज म्हणालो, “आणि हे पाण्यातून दगड वगैरे सोडा. मागचा डोंगर ज्वालामुखीचा आहे. शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे.”

प्रभुदेसाईंनी मला नीट न्याहाळले. दुकान उघडून वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाच्या पायरीवर पहिले गिऱ्हाईक चढावे, तसा त्यांचा चेहरा झाला.

“बसा,” ते म्हणाले. “चहा टाकतो.”

त्या बसण्याने माझी पुढची सारी संध्याकाळ ठरली. म्हणजे रोजचीच संध्याकाळ. माझी पत्नी तोवर निवर्तली होती. घरात मुलगा होता, सून होती; परंतु वाद घालण्याच्या योग्यतेचे कोणी नव्हते. सून तर मी काहीही म्हटले की “बरोबर आहे, बाबा” म्हणे. असल्या वातावरणात माणूस गंजतो. प्रभुदेसाई अविवाहित. नाहूरला एक भाची, ती सणासुदीला येई. बाकी त्यांच्याशी बोलायला बाटल्या.

मी रीतसर तयारी केली. वाचनालयातून पुस्तके काढली. जर्मन मास्तरांच्या विरुद्ध उभा राहिलेला एक स्कॉटिश शेतकरी मला त्यांत सापडला. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेतून खडक वितळून वर आले, असे त्याचे प्रतिपादन. तरुणपणी त्याने वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केली होती, हे वाचल्यावर तर तो मला आपल्यातलाच वाटला.

“तुमचे मास्तर,” मी म्हणालो, “आयुष्यात आपला मुलूख सोडून फारसे बाहेर गेले नाहीत. गावची टेकडी पाहिली आणि पृथ्वीचा निकाल दिला.”

“मीही अंधेरी सोडून जात नाही,” प्रभुदेसाई म्हणाले. “म्हणून काय कुर्ला नाही असं म्हणतो मी?”

एके दिवशी त्यांनी खाणीतला एक फुटका दगड माझ्यापुढे ठेवला. त्यातल्या पोकळीत पांढरे लखलखीत स्फटिक होते.

“सांगा, गुप्ते. खडीसाखर कशातून होते? पाण्यातून की आगीतून?”

“पाकातून होते. आणि पाक करायला आधी चूल पेटवावी लागते.”

त्यांनी दगड हातात फिरवून पाहिला. मग म्हणाले, “चूल मान्य. पण पाकात पाणी घातलंत ना?” आणि इतके हसले की मनोरीची बाटली ढवळली गेली आणि आम्हा दोघांना बराच वेळ श्वास रोखून बसावे लागले.

अशा संध्याकाळी कित्येक गेल्या. येथे माझ्या स्वभावाचा एक विशेष नोंदवणे प्रस्तुत आहे, कारण पुढचा सारा प्रश्न त्यावर उभा आहे. ज्याने मला वादात हरवले त्याच्याशी मी पुन्हा संबंध ठेवत नाही. असे प्रसंग थोडे आले, पण आले. गावच्या फणसाच्या हद्दीवरून थोरल्या भावाने मला खोटे पाडले. मी त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेलो नाही. कचेरीतल्या एका सहकाऱ्याने कायद्याच्या एका मुद्द्यावर मला भर खोलीत निरुत्तर केले. नंतर एकाच टेबलावर बसूनही आम्ही निवृत्तीपर्यंत बोललो नाही. हे तत्त्व आहे आणि मला त्याची लाज नाही. प्रभुदेसाईंना मी हे दोन्ही प्रसंग तपशीलवार सांगितले होते.

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, “म्हणजे गुप्ते, तुमच्याशी जिंकणं महागात पडायचं.”

“अर्थात,” मी म्हणालो.

पुढे ज्या वर्षी वसाहतीत रंगीत टीव्ही संच येऊ लागले, त्या वर्षी करंदीकरांच्या डोक्यात एक कल्पना आली. गणेशोत्सवात दरसाल कीर्तन किंवा भावगीते होत. टीव्ही सोडून लोक मांडवात यावेत म्हणून यंदा सातव्या दिवशी आमच्या वादाचा जाहीर सामना ठेवावा, बाहेरून तज्ज्ञ आणावा आणि एकदाचा निकाल लावावा! हा माणूस सज्जन आहे असे मी वर म्हटलेच आहे. सज्जनांना वाटते की वाद हा संपवण्यासाठीच असतो.

प्रभुदेसाईंनी प्रथम नकार दिला. “कशाला हो निकाल? बरं चाललंय की.” मी मात्र तात्काळ होकार कळवला. शेवटी तेही तयार झाले.

मांडव भरला होता. भूगर्भशास्त्राचे एक तरुण प्राध्यापक परीक्षक म्हणून आले होते. माझे भाषण उत्तम झाले. हे मी म्हणत नाही, टाळ्या म्हणाल्या. शेवटी मी आवाज चढवून आव्हान दिले : “या डोंगरात पायथ्यापासून माथ्यापर्यंत आग आहे. पाण्याचा लवलेश कोणी दाखवावा, मी याच मांडवात हार मान्य करीन.”

प्रभुदेसाई थोडेच बोलले. गाळाविषयी, बंदराविषयी. मुले हसली. कोणीतरी मागून “काका, बसू द्या!” असे ओरडले. ते खाली बसले.

मग प्राध्यापक उभे राहिले. “काळा दगड आगीचाच,” ते म्हणाले. “गुप्तेसाहेबांचा मुद्दा बरोबर आहे. पण एक गंमत आहे. लाव्हाचा एक थर आणि दुसरा थर यांच्यामध्ये कधी कधी फार मोठा काळ जाई. तेवढ्या काळात वर तळी साचत. त्यांत गाळ बसे, प्राणी मरून पडत. पुन्हा लाव्हा येऊन ते सगळं झाकून टाकी. खाली मुंबई शहरातल्या एका टेकडीत अशा गाळात बेडकांचे सांगाडे मिळालेत. तसा पुरावा या खाणीतून कोणी दाखवला असता, तर गुप्तेसाहेबांना आपले शब्द मागे घ्यावे लागले असते, आणि अर्धा डोंगर मी प्रभुदेसाईंच्या नावे करून दिला असता.” लोक हसले. प्राध्यापक प्रभुदेसाईंकडे वळले. “काही आहे का, काका?”

प्रभुदेसाईंनी माझ्याकडे पाहिले. मी ताठ उभा होतो.

“नाही,” ते म्हणाले. “काही नाही. गुप्ते जिंकले.”

आणि सर्वांत आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या. करंदीकर सांगतात की त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मांडवात धुपाचा धूर होता. पाणी सगळ्यांच्याच डोळ्यांत होते, करंदीकरांच्याही.

त्या रात्री मला विजयाचा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र, सवयीने चपला पायांत घातल्यावर, मी दारातच थांबलो. निकाल लागला होता. आता कोणत्या कारणाने खाली जायचे? “बाबा, जाणार नाही का आज?” सुनेने विचारले. तिला उत्तर देण्याआधी जिन्यात पावले वाजली. प्रभुदेसाई स्वतः वर आले होते. त्यांच्या एका हातात ताजा चिकू होता आणि दुसऱ्या हातात सुकून सुरकुतलेला.

“गुप्ते, काल मी तुमची आग मान्य केली. केली ना?”

“चारचौघांत केलीत.”

“मग ती आग आता विझत असणार. विझताना पृथ्वी थंड होणार, थंड होताना आकसणार, आणि मग तिच्या सालीला अशा सुरकुत्या पडणार.” त्यांनी सुकलेला चिकू माझ्या नाकासमोर धरला. “हेच डोंगर! हिमालय म्हणजे दुसरं काय आहे?”

“साफ चूक!” मी म्हणालो. खरे तर या मतातले मला तेव्हा अक्षर ठाऊक नव्हते.

“चला तर मग खाली. चहा टाकलाय.”

मिसळले नाहीत म्हणे! त्यानंतरही कित्येक वर्षे प्रभुदेसाई रोज संध्याकाळी माझ्याशी भांडत होते. वेगवेगळी फळे सुकत घातल्यामुळे घराला आमसुलासारखा वास येई. भूखंड सरकतात हे आता सिद्ध झाले आहे, असे मी वाचून सांगितले की ते हात वर करीत. “थांबा, थांबा. आपण अजून तिथवर आलेलो नाही. आधी हे पुरं होऊ दे.” हे पुरे होऊ नये याची काळजी मात्र ते फार बारकाईने घेत. मी एखादा मुद्दा निर्विवाद मांडला की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे नवी शंका तयार असे. आणि मी कधी अडखळलो, तर मला वाट करून देणारा प्रश्न तेच विचारीत. हे दुसरे मला तेव्हा दिसले नाही.

ते आजारी पडले तेव्हा भाची त्यांना नाहूरला घेऊन गेली. मी भेटायला गेलो. खाटेवर ते अगदी लहान दिसत होते.

“गुप्ते, आकसण्याचं काय ठरलं?”

“काहीही ठरलेले नाही.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने डोळे न उघडताच त्यांनी विचारले, “हिमालय राहिलाय ना अजून?”

“सगळा राहिला आहे.”

ती आमची शेवटची भेट. त्यांच्या पश्चात भाचीने घर रिकामे केले. बाटल्या न्यायला कोणी नव्हते. त्या तिने मोरीत ओतल्या. मी त्या वेळी तेथे थांबलो नाही. नंतर ती वर माझ्याकडे आली.

“मामांनी हे तुम्हाला द्यायचं नाही असं सांगितलं होतं,” ती जराशी घुटमळत म्हणाली. “म्हणाले होते, खाडीत टाक. पण मला टाकवेना, काका. इतकं जपून ठेवलेलं.”

ती राखी रंगाची एक ठिसूळ चकती होती. बसलेल्या गाळाची. तिच्यावर बोटाएवढा बेडूक होता, चारही पाय पसरलेला, एकूण एक हाड स्पष्ट.

मी ती चकती करंदीकरांना नेऊन दाखवली आणि स्मरणिकेतल्या मजकुराची दुरुस्ती छापावी असे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला. “अहो गुप्तेसाहेब, हा त्यांना नंतर सापडला असणार. आधी असता तर भर मांडवात दाखवला नसता का? कोण सोडील असं?”

युक्तिवाद वरवर बिनतोड होता. पुराव्याची तारीख सिद्ध करणे मला भाग होते.

खाण आता बंद झाली आहे. तेथे इमारती उठत आहेत. तिथला पूर्वीचा मुकादम त्यांपैकीच एका इमारतीवर रखवालदार आहे. मालवणकडचा माणूस. मी रुमालातून चकती काढताच त्याने ती ओळखली.

“अरे, ह्यो बेडूक! ह्यो तर प्रभुदेसायांचो! मीच दिलंय तेंका.”

“कधी?”

“गणपतीच्या आदी. तुमची ती भाषणा झाली ना, त्याच वर्सा. मांडवात तेंचा भाषण आसा म्हणान माका सांगी होते. दगड बघून लई खूश. बोलले, ‘मुकादम, आता गुप्त्यांचं काही चालत नाही.’”

मी त्याची उलटतपासणी घेतली. नक्की आधी? नंतर नव्हे?

“काय सायब, गणपतीक मी हय असतलंय? गावाक जावच्या आदल्या दिसा दिलंय. मगे थय बापूस आजारी पडलो, दिवाळी करूनच इलंय. तवसर हय बेडूक गावललो तो कुजको थर बुजवून टाकल्यांनी. नंतर खयसून देतलंय?”

करंदीकरांनी आणि त्यांच्या वाचकांनी एवढेच ध्यानात घ्यावे : मुकादम गणपतीसाठी गावी निघाला, त्याच्या आदल्या दिवशीच तो बेडूक प्रभुदेसाईंच्या हाती आलेला होता; आणि आमचा सामना झाला तो गणपतीच्या सातव्या दिवशी.